तिचा खो आम्ही म्हणायचो

खो-खोचा नियम असा आहे की बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावायचा आणि त्याच वेळी, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तोंडानं 'खो' म्हणायचं. हात आधी आणि शब्द नंतर चालत नाही, शब्द आधी आणि हात नंतरही चालत नाही, आणि नुसता हात तर मुळीच चालत नाही. मी आता शाळेत खो-खो शिकवते, त्यामुळे दर वर्षी नव्या मुलींपुढे हे सांगावं लागतं. सांगताना दर वर्षी मला कुणाचा तरी राग येतो आणि कुणाचा ते ठरवता येत नाही. इतकी वर्षं झाली, एव्हाना एखादा माणूस सापडायला हवा होता.

माझी चुलतबहीण बोलू शकत नसे आणि तिला ऐकूही येत नसे. आमचा पाडा सूर्यमाळच्या अंगाला, उतारावर. तिचं घर आणि आमचं घर यांत एक कुडाची भिंत. ती माझ्याहून वर्षभरानं मोठी. लहानपणी मोठा ताप आला आणि कान गेले, असं काकी सांगायची. भगतानं वेगळं कारण सांगितलं होतं, मोखाड्याच्या डॉक्टरांनी आणखी वेगळं, आणि तिघांच्याही सांगण्यानं तिला काही ऐकू आलं नाही. तिला चांगलं ठेवलेलं नाव होतं, पण पाड्यात ती मुकी. जिला हाक मारून काही उपयोग नव्हता, तिला हाक मारायचं नाव मात्र सगळ्यांनी मिळून दिलं होतं. मला ते नाव आवडत नसे. त्यावरून मी एका मुलीच्या हाताला कडकडून चावलेही होते.

पाड्यात सपाट जागा म्हणाल तर एकच, खळ्याची. नागली झोडून झाली, कणग्या भरल्या की सारवलेलं, घट्ट खळं मोकळं व्हायचं आणि आम्ही पोरी त्यावर तुटून पडायचो. तिथं आमचा खो-खो चाले. नियमाप्रमाणे म्हणावं तर ना धड पाटी, ना खांब, ना गड्यांचा हिशेब. उठलेली पळायची, दमली की बसलेलीला खो द्यायची. बहीण उठली की पाठीवर तिची थाप पडायची आणि जिच्या पाठीवर पडायची तीच ओरडायची, "खो!" आणि पळत सुटायची. हे कुणी ठरवल्याचं मला आठवत नाही. तिचा खो तिला म्हणता येत नाही, तर जिला तो मिळाला तिनं म्हणायचा, यात ठरवण्यासारखं आम्हाला काही वाटलंच नसेल.

दिवाळी उरकली की आमच्याकडची निम्मीअधिक घरं बंद व्हायची. माणसं खाली भिवंडीकडं वीटभट्ट्यांवर जायची ती थेट मृगाच्या तोंडावर परतायची. शाळेत असलेली पोरं मागं राहत, नसलेली आईबापांबरोबर जात आणि जरा हाताला आली की विटा उचलत. काकीला आपली पोर भट्टीवर न्यायची नव्हती. मला आश्रमशाळेत घातलं त्याच दिवशी ती बहिणीला घेऊन मुख्याध्यापकांसमोर उभी राहिली. मुख्याध्यापक म्हणाले, "हिची शाळा वेगळी असते. शहरात. इथं ही काय शिकणार?"

"नाय शिकली तरी चालल, गुरुजी," काकी म्हणाली. "दोन टायमाला खायला भेटल न् इटा नाय उचलायला लागणार."

त्यांनी थोडा वेळ काकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हिचं सगळं तू बघायचं," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी तिचे कान झाले. वर्गात ती माझ्या शेजारी बसायची आणि फळ्यावरचं वळणदार अक्षरात उतरवून घ्यायची. तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुरेख होतं. लिहिलंय त्याचा अर्थ काय, हे मी हातांनी सांगायला जायचे आणि अर्ध्या वाटेवर हात टेकायचे. पाणी, भात, गुरुजी, पाऊस, चूक, भांडण, ये, जा एवढ्या खुणा आमच्यात पक्क्या होत्या. चुकीची खूण म्हणजे मुठीनं स्वतःच्या कपाळावर हळूच ठोकायचं. गणितात तिला ती फार लागायची आणि मलाही.

सहावीत असताना शाळेत नवे क्रीडाशिक्षक आले. घाटावरचे, नाशिककडचे. सडसडीत, उन्हानं रापलेले, आणि रागावले की एका कानाच्या पाळीला लाली चढायची. पहाटे उठवून आम्हाला ओढ्यापर्यंत उतरवायचे आणि परत वर पळवायचे. पायांत काही नसायचं. मैदान मुरमाचं, त्यावर सूर मारायला शिकवायचे आणि गुडघे फुटले की हळद भरून परत उभं करायचे. "दम खायचा तर खा, पण पळता पळता खा," हे त्यांचं ठरलेलं. आमच्या नाकीनऊ यायचे. मागं आम्ही त्यांची नक्कल करायचो आणि पुढं त्यांच्या डोळ्यांत भरावं म्हणून जीव तोडून पळायचो.

बहिणीला त्यांनी आधी संघात घेतलं नाही. घेणार कसे? मग एकदा संध्याकाळी आम्ही आमच्या आमच्या खेळत होतो, खळ्यावरच्या पद्धतीनं. सर विहिरीवरून येत होते, ते बादली हातात धरून थांबले. बहिणीनं एकीला खो दिला, ती ओरडून पळाली. फिरून खो बहिणीकडं आला, तिनं पुढचीला खो न देता सरळ खांब गाठला, वळली आणि पळतीला अलगद टिपलं. सरांनी बादली खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला रांगेत बसवलं आणि आम्हा सगळ्यांना कामाला लावलं.

ते काम असं: पाठीला बोट लागायचा अवकाश, तोंडातून खो बाहेर पडलाच पाहिजे. हात आणि आवाज यांत फट राहता कामा नये. महिनोन्‌महिने आम्ही तेवढंच केलं. त्याचा परिणाम असा झाला की जेवणाच्या रांगेत मागच्या मुलीचा धक्का लागला तरी पुढची "खो!" म्हणायची. एकदा प्रार्थनेत, सगळे डोळे मिटून उभे असताना, कुणीतरी कुणाच्या तरी पाठीवरची अळी झटकली आणि खो इतका खणखणीत निघाला की मुख्याध्यापकांची प्रार्थना तिथंच बंद पडली. आम्ही हसून हसून बेजार. बहीण प्रत्येकीच्या तोंडाकडं पाहत होती. मी तिला खुणेनं सांगितल्यावर तीही हसायला लागली, तिचं ते बिनआवाजाचं, खांदे हलवून.

पळतीवर, म्हणजे चुकवून पळण्यात, ती आमच्यात सर्वांत चांगली होती. ऐकणारी मुलगी खो ऐकून वळते. ही बसलेल्यांच्या पाठी बघायची. हात लागताना पाठ जराशी दचकते, तेवढ्यावर ती वाट बदलायची. सरांनी तिला कशात सूट दिली नाही. ओढ्याची चढण तिलाही तेवढीच, सूर तिलाही तेवढेच. उशीर झाला तर शिक्षाही तीच. मला तेव्हा सरांचा राग यायचा, पण तिला मात्र हे फार आवडायचं, हे मी पाहिलेलं आहे. गुडघ्याला हळद लावून घेताना ती दुसऱ्या मुलींच्या गुडघ्यांशी आपला गुडघा लावून बघायची, सारखाच फुटलाय ना म्हणून.

तालुक्याचे सामने खोडाळ्याला झाले. तिथले पंच म्हणजे आजूबाजूच्या शाळांतलेच शिक्षक. बाजाराच्या दिवशी भेटणारे, आमच्या घरच्यांना ओळखणारे. सरांनी सामन्याआधी त्यांना एकदा सांगितलं. एक पंच म्हणाले, "असू दे हो, आपलीच पोर आहे." दुसऱ्या संघांच्या शिक्षकांनीही माना डोलावल्या. बहिणीचा खो आम्ही म्हणत राहिलो, ते मान्य करत राहिले, आणि आम्ही जिंकलो. कुणी काही लिहून घेतलं नाही, कुणी वर विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, झालं की. मलाही तसंच वाटलं.

आम्ही आठवीत गेलो त्या वर्षी जव्हारच्या सामन्यांना एक गृहस्थ येणार होते. खेळाडू मुलींच्या वसतिगृहासाठी मुली निवडायला. तिथं राहायचं, शिकायचं, खेळायचं, सगळं सरकार बघणार. आमच्या पाड्यावर ही बातमी पोचली तेव्हा भात झोडून झालं होतं आणि मुकादमाचा टेम्पो ठरला होता. काका शाळेत आला. तो नेहमीप्रमाणे दारात उकिडवा बसला आणि सरांना म्हणाला, "पोर आता मोठी झाली. आठवीत गेली तरी तिला वाचता येत नाय, मंग शाळंत ठेवून काय करू? भट्टीवर दोन हात कमी पडतात." मग म्हणाला, "जव्हारचा खेळ होऊ दे. निवडली तर ती तिकडं. नाय तं आमच्यासंगं."

हे मी बहिणीला सांगितलं. भट्टीची खूण आमच्यात होती, डोक्यावर दोन्ही हात. जव्हारची खूण नव्हती, म्हणून मी लांब बोट दाखवलं आणि पळण्याची केली. तिला समजलं. त्यानंतर ती पहाटे आमच्याही आधी उठून ओढ्याकडं उतरायला लागली.

जव्हारला थंडी पडली होती. मैदानाच्या कडेनं चुन्याची रेघ, शाळाशाळांच्या पोरांचे घोळके, शिरपामाळ बघून आलेल्या एका सहलीतली माणसंही टेकून उभी. आम्ही सामने जिंकत गेलो. पंच बहुतेक ओळखीतलेच होते. अंतिम सामन्याला मात्र पंच बाहेरून आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी, बोलायला सौम्य. समोरचा संघ खालच्या सपाटीवरच्या शाळेचा. त्यांच्याबरोबर एक बाई होत्या, पन्नाशीच्या, पदर खोचलेल्या. सामन्याआधी त्यांनी आमच्या मुलींनाही पाणी दिलं होतं. त्या दुष्ट असत्या तर माझं काम फार सोपं झालं असतं.

पहिला पाठलाग आमचा होता. सगळ्याजणी घाबरलेल्या, आणि घाबरल्यावर माणसाच्या अंगातली सवय आधी बाहेर येते. आमची कर्णधार उठली, तिनं पाठीवर हात ठेवून खो म्हटलं, आणि जिला दिला तिनंही पाठीला हात लागताच खो म्हटलं. पुढं तेच. प्रत्येक ठिकाणी दोन दोन खो. सरांनी बोलक्या मुलींसाठी ही सवय मोडायचा प्रयत्न कितीदा केला होता, पण ती आता आमची राहिली नव्हती, पाठीची झाली होती. समोरची पळती गोंधळली. दुसऱ्या खोला तिला वाटलं, पुढचीनं खो देऊन टाकला. ती उलटी वळली आणि थेट आमच्या मुलीच्या हातात आली. बाईंनी हात वर केला. पंचांनी सामना थांबवला.

पंचांनी आम्हाला एकेकीला विचारलं आणि सगळं बाहेर आलं. सर पुढं झाले. "ही मुलगी बोलू शकत नाही. तिचा खो पुढची म्हणते. तालुक्यापासून असंच चालत आलंय."

पंच म्हणाले, "सर, मला वाईट वाटतं. पण ज्यानं हात लावला त्यानंच म्हणायचा असा नियम आहे."

बाई म्हणाल्या, "माझं त्या मुलीशी भांडण नाही. पण माझ्या मुली आवाजावर पळतात. आवाज तिच्याकडून येत नाही, दुसरीकडून येतो, आणि कधी येईल ते माहीत नाही. आज त्यांच्यात कुणीही कुणासाठी ओरडेल. मग माझ्या मुलींनी कशावर विश्वास ठेवायचा?"

मी तिथं उभी राहून हे ऐकलं. मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की बाई म्हणतात ते बरोबर आहे. आमचीच एक पळती अशी गोंधळून बाद झाली असती तर आम्ही मैदान डोक्यावर घेतलं असतं.

सरांनी खोऐवजी टाळीचं सुचवलं, ते नियमात बसेना. मग म्हणाले, ठीक आहे, पाठलागात हिच्या जागी राखीव मुलगी बसवू, ही फक्त पळतीला उतरेल. पंचांचा चेहरा जरा सैल झाला. पण बाई म्हणाल्या, "माझ्या मुली पाठलाग करून दमलेल्या अंगानं पळणार आणि तुमची ही ताजीतवानी येऊन उभी राहणार. हे तुम्हाला तरी पटतं का, सर?"

सरांच्या कानाची पाळी लाल झाली. ते म्हणाले, "ताजी राहणार नाही. आमचा पाठलाग चालेल तोवर ती मैदानाला फेऱ्या मारेल. बाकीच्यांइतकीच दमून येईल. मग तर झालं?"

मला अजून वाटतं, ते रागानं बोलून गेले. पण पंचांनी बाईंकडं पाहिलं, बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग माझी हरकत नाही." सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. तिच्यासाठी नियम वाकवला, समोरच्यांवर अन्याय झाला नाही, खेळ पुढं सरकला. मी खरंच सांगते, त्या दिवशी त्या मैदानावर एकही माणूस तिच्या वाईटावर नव्हता.

फक्त तिला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी तिला रांगेतून उठवलं. मैदानाभोवती बोट फिरवलं आणि पळ म्हणून खूण केली. तिचा चेहरा उतरला. आमच्या शाळेत फेऱ्या चुकलेल्या मुलींना असायच्या. उशिरा आलीस, फेऱ्या मार. रेघ ओलांडलीस, फेऱ्या मार. मधेच खेळ थांबवून एकीलाच बाहेर काढलं आणि फेऱ्या मारायला सांगितल्या, याचा दुसरा कुठला अर्थ तिनं लावायचा? तिनं स्वतःकडं बोट केलं आणि कपाळावर मूठ ठोकली. माझी चूक? मी जोरजोरात हात हलवून नाही म्हटलं. तिनं रांगेकडं पाहिलं, जिथं तिच्या चौकोनात दुसरी मुलगी बसत होती. मग सरांकडं पाहिलं. सर पाठ करून उभे होते. पंचांनी मला हातानं बसायला सांगितलं आणि मी जाऊन बसले.

ती पळायला लागली. चुन्याच्या रेघेबाहेरून, प्रेक्षकांच्या अगदी पुढून. कोपरे कापले नाहीत, सगळी कड धरून पळाली. माझं तोंड तिच्या बाजूला होतं तेव्हा मला ती दिसायची आणि उठून दुसऱ्या चौकोनात बसले की पाठीमागं जायची. पोरांना ही काय गंमत ते कळेना. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी ओरडलं, "ए, शर्यत संपली, घरी जा!" तिला ते ऐकू येत नव्हतं, पण हसणारी तोंडं दिसत होती. ती मान खाली घालून पळत राहिली. पाळी संपल्याची शिट्टी झाली. आम्ही उठलो, घाम पुसला, पाणी मागितलं, पंच गुण लिहायला बसले, आणि ती तशीच पळत होती. तिला थांबवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी आडवी गेले तेव्हा ती माझ्या अंगावर आदळून थांबली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मग ती पळतीला उतरली. त्या दिवशी ती जशी खेळली तशी मी पुन्हा कुणाला खेळताना पाहिलं नाही, आणि माझं आयुष्य खो-खोतच गेलंय. पण एरवी चकवा दिला की तिच्या गालावर हसू फुटायचं, ते त्या दिवशी नव्हतं. रेघेपासून हातभर आत राहून पळत होती. आणखी चूक नको, एवढंच तिच्या अंगात होतं. तिला कुणी बाद करू शकलं नाही. दुसऱ्या डावात आमचा पाठलाग आला, तेव्हा मी खूण करायच्या आधीच ती रांग सोडून फेऱ्या मारायला निघाली होती.

आम्ही जिंकलो. बाईंनी येऊन सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला, तिच्याही. वसतिगृहाच्या गृहस्थांनी दोघींना निवडलं, आमच्या कर्णधाराला आणि मला.

सर त्यांच्यामागं मैदानाच्या फाटकापर्यंत गेले. मी माझं जर्सीचं बोचकं छातीशी धरून मागंच होते. गृहस्थ ऐकून घेणारे होते. ते म्हणाले, "मुलगी वाघीण आहे, मला का दिसत नाही? पण आज तुम्हाला समजूतदार बाई भेटल्या, समजूतदार पंच भेटले. पुढं रोज असे कोण भेटणार?" सर काहीतरी म्हणाले. गृहस्थांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गाडीत बसले.

त्यांचंही बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं, आणि त्यातली एकेक बरोबर गोष्ट तिला भट्टीकडं ढकलत गेली. खोडाळ्याच्या गुरुजींनी माया केली, पण ती तोंडी माया होती, घाट उतरेपर्यंत टिकली नाही. बहिऱ्या खेळाडूंचे वेगळे सामने असतात, पंच तिथं झेंडा दाखवतात, हे मला वसतिगृहात गेल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं. मोखाड्यात ते सांगायला कुणी आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी मला वाटतं ती म्हणाली असती, मला वेगळीकडं नको, ह्यांच्यातच बसव. ती तसं म्हणाली असती की नाही हे मला खात्रीनं सांगता येत नाही. तिच्या वतीनं बोलायची माझी सवय अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं आम्ही शाळेवर परतलो. काका आधीच येऊन बसला होता. टेम्पो फाट्यावर उभा आहे, बाकीची माणसं चढली आहेत, म्हणाला. निकाल शाळेत रात्रीच पोचला होता, त्याला विचारावा लागला नाही. त्यानं माझ्याकडं पाहून "बरं झालं, तू तरी गेलीस," म्हटलं, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं याचंच मला जास्त लागलं. बहिणीनं आपली ट्रंक आवरली. पाटी मला दिली. खेळाची चड्डी घडी करून सरांच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली.

सर बाहेर आले. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिनं दोन्ही हातांनी आपले कान धरले.

सर माझ्याकडं वळले. ते मला म्हणाले, "सांग तिला. सांग, तुझी काही चूक नव्हती. नियम तसा आहे." मी कपाळावर मूठ ठोकली आणि नाही म्हणून हात हलवला. पुन्हा केलं. आता नियम कसा सांगायचा? आमच्याकडं भाताला खूण होती, भट्टीला होती, नियमाला नव्हती. मी मैदानाकडं दाखवलं, पंचांच्या शिट्टीची नक्कल केली, तोंडाकडं बोट नेलं, पाठीवर थाप मारून दाखवली. ती लक्ष देऊन पाहत होती. मग तिनं माझ्याकडं बोट केलं आणि लांब, वसतिगृहाच्या दिशेला दाखवलं. स्वतःकडं बोट केलं आणि हवेत गोल फेरी काढली. तिचा हिशेब सरळ होता.

मी सरांकडं पाहिलं तर ते रडत होते. आम्हाला पळवून पळवून रक्त काढणारा माणूस दाराच्या चौकटीला धरून रडत होता. तिनंही ते पाहिलं. सर अजून रागावलेलेच आहेत, असं तिला वाटलं असावं. तिनं कान अधिक घट्ट धरले आणि उठाबशा काढायला सुरुवात केली. सर म्हणत होते, "नको, बाळ, नको, पुरे," पुन्हा पुन्हा म्हणत होते, तोंडानं. ती खाली बसत होती, उठत होती. मी पुढं होऊन एकेक करून तिचे हात कानांवरून सोडवेपर्यंत ती थांबली नाही.